बसायला ऐसपैस जागा

आज काही विकत घ्यायचं नाही. मोबाइल पालथा ठेवा. परस दिसेल अशा खिडकीशी खुर्ची ओढून घ्या, पाठ टेका आणि बसा. हातात चहाचा कप असला तर असू द्या. कार्डिनल या लाल पक्ष्यासाठी कोणता बर्ड फीडर घ्यावा, हा प्रश्न घेऊन आपण बसलो आहोत. उत्तराची घाई नाही.

मी हे ओहायोत, कोलंबस शहराच्या कडेला बसून लिहिते आहे. इथे कार्डिनल बारमाही असतो. थंडीच्या चाहुलीने कितीतरी पक्षी दक्षिणेला निघून जातात, हा जात नाही. झाडांची पानं गळून गेलेली, आभाळ आठवडाभर राखी, परसात बर्फ, आणि त्यात कुंपणावर येऊन बसलेला नखशिखांत लाल नर. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या सात राज्यांनी त्याला आपला राज्यपक्षी केलं आहे. ओहायोने १९३३ साली. इथल्या मराठी घरांतही नव्या घरातल्या पहिल्या हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, "तो लाल पक्षी तुमच्याकडे येतो का हो?"

तो यावा असं आपल्याला वाटतं. या वाटण्यापाशी थोडा वेळ थांबा. ते रंगासाठी आहे का? इतक्या लांबच्या देशात घराच्या मागच्या दाराशी कुणीतरी रोज यावं, यासाठी आहे का? शेजाऱ्याकडे येतो आणि आपल्याकडे येत नाही, याचा सल आहे का? जे असेल ते असू द्या. फक्त पाहा, की आतापर्यंत मनात आलेलं सारं आपल्याविषयीचं आहे. आता सावकाश पक्ष्याकडे सरकू.

डोळे मिटा. एक तळहात उघडा धरा आणि त्यावर पंचेचाळीस ग्रॅम वजन आहे असं समजा, एखाद्या मध्यम लिंबाएवढं. एवढाच असतो तो. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकवीस-बावीस सेंटिमीटर, त्यातही शेपूट चांगली लांब. डोक्यावर टोकदार तुरा. तो घाबरला किंवा चिडला की उभा राहतो, निवांत असला की मागे चापून बसतो. चोच जाड, बुडाशी रुंद, लालसर केशरी. नराच्या चोचीभोवती काळा मुखवटा. मादी फिक्या तपकिरी रंगाची. तिच्या तुऱ्यावर, पंखांवर आणि शेपटीवर लालीची झाक असते. मला विचाराल तर नराने नजर खेचून घेतली तरी टिकून राहते ती मादीवर.

आता त्या चोचीत सूर्यफुलाचं एक बी येऊ द्या आणि अगदी जवळून पाहा. बी आधी चोचीच्या टोकाशी असतं. मग ते कडेला सरकतं. जीभ ते वळवते, पुन्हा वळवते, आणि नेमकं कडेवर आणून बसवते. खालची चोच दाबली जाते, किंचित बाजूला सरकते, बी तडकतं. फोलपटाचे दोन तुकडे चोचीच्या बाजूने गळून पडतात. गर आत जातो. पक्षी मान उचलतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, आणि दुसरं बी उचलतो. एवढ्या वेळात तो जागचा हललेला नसतो.

ही शेवटची गोष्ट धरून ठेवा. फीडरच्या निवडीचं निम्मं उत्तर तिच्यात आहे. त्याच परसात चिकडी नावाचा चिमुकला पक्षी येतो, जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. ती फीडरवर क्षणभर टेकते, एक बी पळवते, फांदीवर जाऊन ते पायात धरते आणि ठोकून ठोकून फोडते. तिला टेकायला बोटभर दांडी पुरते. कार्डिनलचं तसं नाही. जिथे दाणा मिळाला तिथेच तो बसतो आणि एकामागून एक बी सोलत राहतो. त्याला बैठक लागते.

आता दुकानात पाहिलेले फीडर एकेक करून समोर आणा, आणि प्रत्येकावर त्या पंचेचाळीस ग्रॅमच्या देहाने उतरून पाहा.

पहिला नळीचा, ट्यूब फीडर. उभी पारदर्शक नळी, तिला ठिकठिकाणी भोकं आणि प्रत्येक भोकाखाली आखूड दांडी. दांडीवर उतरा. पाय बसले, पण छाती नळीला भिडली. लांब शेपटीला मागे आधार नाही, आणि दाण्यासाठी मान वाकडी करून अंग पिळवटावं लागतंय. कार्डिनलला समोर तोंड करून खायला आवडतं. दाणा पुढ्यात हवा. म्हणून नुसत्या नळीवर तो आला तरी फार रमत नाही. बऱ्याचदा तो खाली उतरतो आणि इतरांनी सांडलेलं टिपत राहतो. तुमच्याकडे नळी आधीच असेल तर ती टाकून देऊ नका. तिच्या तळाला जोडायची गोल थाळी वेगळी विकत मिळते. ती लावली की त्याच नळीवर त्याची सोय होते.

दुसरा हॉपर. लहानसं घरच ते. वर छप्पर, मध्ये दाण्याची पेटी, आणि खाली दोन्ही बाजूंना पुढे आलेली पट्टी. तिच्यावर उतरा. दाणा समोर आहे, मान सरळ आहे. मात्र पट्टी किती रुंद आहे ते पाहा. अरुंद असली तर पुन्हा नळीचीच कथा. दुकानात फीडर हातात घ्याल तेव्हा आपली चार बोटं त्या पट्टीवर आडवी ठेवा. बोटं आरामात मावली तर पक्षीही बसेल, असं माझं साधं माप आहे.

तिसरा नुसता ट्रे. चारी बाजूंनी उघडा, वर काही नाही. इथे उतरल्यावर कसं वाटतं? मोकळं वाटतं. कुठूनही आत येता येतं, कुठूनही उडता येतं, जोडीदाराला शेजारी जागा आहे. कार्डिनलला ट्रे मनापासून आवडतो. पण पाऊस पडला की दाणे भिजतात आणि भिजलेल्या दाण्यांना बुरशी धरते. म्हणून ट्रेच्या तळाला जाळी हवी, पाणी निथळून जाणारी, आणि दाणा एका दिवसात संपेल एवढाच घालायला हवा. तुम्ही रोज घरी असाल, रोज सकाळी मागचं दार उघडत असाल, तर ट्रे घ्या. ऑफिसला अंधारात निघून अंधारात परतत असाल तर रुंद पट्टीचा, छपराचा हॉपर बरा. आमच्या इथे हिवाळ्यात बर्फ आणि पाऊस आलटून पालटून येतात, त्यामुळे माझा कौल हॉपरला आहे.

खारीचं काय, हा प्रश्न आता मनात येईलच. इथली राखाडी खार अर्धा किलोच्या आसपास भरते आणि ती चिकाटी सोडत नाही. तिच्या वजनाने दांडी खाली जाऊन दाण्याचं तोंड बंद व्हावं, असे फीडर मिळतात आणि ते खरोखर काम करतात. घेताना एवढंच पाहा, की स्प्रिंग कमी-जास्त करता येते का. नर आणि मादी एकाच दांडीवर येऊन बसली तर दोघांचं मिळून नव्वद ग्रॅम होतं. तेवढ्यानेच झाकण पडलं तर आपण बोलावलेल्या जोडप्यालाच परत पाठवलं, असं व्हायचं.

आणि लाल रंगाचा फीडर घेतला म्हणून कार्डिनल लवकर येतो असं नाही. रंग तुम्हाला आवडेल तो घ्या.

थोडं थांबा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. आता दाण्याकडे वळू, आणि इथे आपल्याला जरा जास्त वेळ बसायचं आहे.

दाण्याची एक पिशवी उघडली आहे असं समजा आणि तिच्यात हात घाला. आधी हाताला लागतं ते काळं, बारीक सूर्यफूल. पट्ट्यापट्ट्यांच्या मोठ्या बियांपेक्षा याचं फोलपट पातळ असतं आणि तेल जास्त. सूर्यफूल मुळात याच खंडातलं. इथल्या मूलनिवासींनी ते हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणलं. सोळाव्या शतकात ते स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेलं. रशियात त्याचं तेलबी झालं, निवडत निवडत तिथे भरपूर तेलाचे वाण तयार झाले, आणि ते वाण विसाव्या शतकात परत अमेरिकेत आले. भारतात १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेलासाठी सूर्यफूल पेरायला सुरुवात झाली तीही रशियन वाणांपासूनच. तेव्हा मराठवाड्याच्या शेतात डोलणारं सूर्यफूल आणि या परसातलं काळं बी एकाच लांब प्रवासातून आलेलं आहे.

पुन्हा हात घाला. आता पांढरी, गुळगुळीत, टोकाशी निमुळती बी लागेल. इथे तिला सॅफ्लॉवर म्हणतात. ओळखीची आहे ना? करडई. सोलापूर, परभणी, लातूरकडच्या माणसाला ती सांगावी लागणार नाही. रब्बीत काळ्या जमिनीवर, पावसाळ्याने मागे ठेवलेल्या ओलीवर, खोल सोटमुळाने पाणी ओढत ती वाढते. कोवळी असताना तिची भाजी होते. मोठी झाली की अंगभर काटे येतात, म्हणून ज्वारीच्या शेताच्या कडेने तिचे तास पेरले की गुरं आत शिरत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचा संकरित वाणही काढला. तीच करडई अमेरिकेत कॅलिफोर्निया, मोंटाना या राज्यांत पिकते, आणि कार्डिनलच्या आवडत्या खाद्यात सूर्यफुलाच्या बरोबरीने तिचं नाव घेतात.

करडईची खुबी तिच्या चवीत आहे. ती कडसर असते. खारी सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. ग्रॅकल आणि स्टार्लिंग हे थव्याने येऊन फीडर मिनिटांत रिकामा करणारे पक्षी, तेही बहुतेक वेळा ती सोडून देतात. शिवाय तिचं कवच टणक असतं. जाड चोचीच्या कार्डिनलला ते सहज फोडता येतं. परसात गर्दी फार होत असेल तर काही आठवडे फक्त करडई घालून पाहा. गर्दी हळूहळू पांगते. सुरुवातीला कार्डिनलही बुजतो. तेव्हा सूर्यफुलात थोडी थोडी मिसळून प्रमाण वाढवत न्या.

तिसऱ्यांदा हात घाला, आणि पिशवी स्वस्तातली असेल तर बोटांत तांबूस गोल दाणे येतील. पिशवीवर त्यांचं नाव मायलो असं छापलेलं असतं. ती ज्वारी आहे, तांबडी ज्वारी. ओहायोतल्या दुकानात, पक्ष्यांच्या खाद्यात, भाकरीचं धान्य. ते तळहातावर घेऊन जरा पाहा.

इथे मन थोडं अडखळतं. पूर्व अमेरिकेतले बहुतेक पक्षी ही ज्वारी खात नाहीत. चोचीने बाजूला उडवतात आणि सूर्यफूल शोधतात. खाली पडलेली ज्वारी कुजते, उंदरांना बोलावते. त्यामुळे ती भर म्हणून कोंबलेली मिश्रणं घेऊ नका, हाच खरा सल्ला आहे, आणि मीही तोच देईन. ज्वारी खायला येतात ते पारवे आणि हाउस स्पॅरो. हा हाउस स्पॅरो म्हणजे आपली चिमणी, तीच जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रुकलिनमध्ये ती आणून सोडली आणि ती खंडभर पसरली. ती इथल्या ब्लूबर्डची घरटी बळकावते, त्यांची अंडी फोडते. त्यामुळे इथले पक्षीमित्र तिला फीडरपासून दूर कसं ठेवावं याचा विचार करतात. आणि तिकडे आपल्या गावी वाड्याच्या तुळईला ज्वारीची कणसं टांगतात ती तिच्याचसाठी. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी तिच्यासाठी संस्था उभी केली आणि २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला.

हे दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. तिकडे कणीस टांगणारा हात आणि इकडे ज्वारी नसलेली पिशवी निवडणारा हात, दोन्ही हात आपलेच असू शकतात. जिथलं घर तिथल्या पाखराचं आधी पाहायचं. चिमणी आलीच तर तिला हाकलायला उठू नका, मीही उठत नाही. पण पिशवी निवडताना करडई आणि सूर्यफूल निवडा.

आता मान वळवून परसाकडे पाहा, आणि एकदा फक्त भीतीच्या नजरेने पाहा. फीडरवर बसलेला पक्षी एका बाजूला खातो आणि दुसऱ्या बाजूला सगळीकडून येणाऱ्या मरणावर डोळा ठेवतो. आकाशातून कूपर्स हॉक येतो, आपल्या शिक्र्याच्या जातकुळीतला. तो दोन घरांच्या फटीतून जमिनीलगत झेपावतो. झुडपाखाली शेजाऱ्यांचं मांजर दबा धरून बसतं. मोकळ्या सोडलेल्या मांजरांमुळे अमेरिकेत दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मरतात, असा २०१३ सालचा अंदाज आहे. म्हणून झुडूप फार लांब असलं तर पक्ष्याला लपायला जागा नाही, आणि फार जवळ असलं तर मांजराला आडोसा. मध्यम अंतर साधारण दहा फुटांचं. फीडरचा खांब सुमारे पाच फूट उंच असू द्या, त्याला फीडरच्या खाली खारीला अडवणारी घंटेच्या आकाराची टोपी लावा, आणि झाडाची फांदी किंवा छताची कड दहा फुटांच्या आत येत नाही ना ते पाहा; खार तेवढी उडी मारते.

तिसरं मरण आपल्या घरातच आहे. समोरची खिडकी पाहा. तुम्हाला तिच्यातून बाहेरचं परस दिसतंय. बाहेरून पक्ष्याला तिच्यात काय दिसतं? आभाळ आणि झाडं. तो त्या झाडांकडे सरळ उडत येतो. काचांवर आपटून अमेरिकेत दरवर्षी ३६ कोटींपासून ९८ कोटींपर्यंत पक्षी मरत असावेत, असा २०१४ सालच्या अभ्यासाचा अंदाज आहे. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे दचकून उडालेल्या पक्ष्याला जोरात आपटण्याएवढा वेगच मिळत नाही. नाहीतर तीस फुटांपलीकडे ठेवा. काचेच्या बाहेरच्या अंगाला दोन-दोन इंचांवर ठिपके लावले तर फारच चांगलं. मधलं अंतर, दहा-पंधरा फुटांचं, खुर्चीत बसून पाहायला सर्वांत सोयीचं, आणि तेच सर्वांत घातक.

हे लिहिताना मला राहवत नाही, म्हणून स्पष्ट सांगते. ठिपके लावायची तयारी नसेल आणि जागा फक्त त्या मधल्या अंतरावरच असेल, तर फीडर लावू नका. पक्ष्याला बोलावून काचेवर धाडायचं, याला पाहुणचार म्हणता येत नाही.

आता रंगाकडे येऊ. तो लाल कुठून येतो? फीडरमधून येत नाही. रानातल्या फळांमध्ये आणि किड्यांमध्ये पिवळी रंगद्रव्यं असतात, कॅरोटिनॉइड. ती पोटात गेल्यावर पक्ष्याच्या शरीरातलं एक विकर त्यांचं लाल रंगात रूपांतर करतं, आणि नवी पिसं उगवताना तो रंग त्यांत उतरतो. ज्या नरात हे रूपांतर जन्मतःच होत नाही तो पिवळाच राहतो. असा एक पिवळा नर २०१८ साली अलाबामातल्या एका फीडरवर आला आणि देशभर गाजला. सूर्यफुलाच्या बियांत ही द्रव्यं अगदी कमी. पिल्लांना तर आई-बाप मुख्यतः किडे-अळ्याच भरवतात. म्हणजे फीडरने फक्त थंडीतली एखादी सकाळ सोपी होते. पक्षी घडतो तो झुडपांत.

म्हणून खिडकीतून पाहताना फीडरची जागा ठरवता ठरवता झुडपाचीही जागा ठरवा. डॉगवुड, सुमॅक, रानद्राक्षाचा वेल, तुती. यांत फळं मिळतात आणि दाट पानोऱ्यात घरटंही होतं. कार्डिनल लाकडी पेटीत घरटं करत नाही, मादी झुडपाच्या बेचक्यात ते विणते. फक्त आमूर हनीसकल लावू नका. आशियातून आणलेलं हे झुडूप कोलंबसच्या आसपासच्या नदीकाठच्या रानांत माजलं आहे, आणि त्याची लाल फळं कार्डिनल आवडीने खातात. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत अमांडा रोडवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. हनीसकलला पालवी लवकर फुटते, म्हणून मोसमाच्या सुरुवातीची घरटी त्यात होतात, आणि तिथेच ती शिकाऱ्यांच्या हाती जास्त लागतात. सर्वांत भडक रंगाचे नर आधी जोडी जमवून तीच जागा धरत, आणि त्यांचीच पिल्लं कमी निघत. दिसायला परस हिरवंगार, फळांनी लगडलेलं. पाखराच्या हिशेबात मात्र तो सापळा.

पुन्हा एकदा डोळे मिटा. आतापर्यंत आपण शरीर पाहिलं, भूक पाहिली, भीती पाहिली. आता त्याच्या न येण्याकडे पाहू.

एकोणिसाव्या शतकात त्याची वाट पाहावी लागत नसे, कारण कार्डिनल पिंजऱ्यात असायचा. रंगासाठी आणि गाण्यासाठी हजारोंनी पकडून तो विकला जाई, जहाजाने युरोपात जाई; तिथे त्याला व्हर्जिनिया नाइटिंगेल म्हणत. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि हा व्यापार थांबला. हा पक्षी स्थलांतर करत नाही, तरी त्या कायद्याने तोही वाचला. त्यानंतर ज्याला कार्डिनल जवळून पाहायचा आहे त्याच्या हाती एकच मार्ग उरला. दाणा ठेवायचा आणि वाट पाहायची.

अमेरिकेत अशी समजूत आहे, की कार्डिनल अंगणात आला म्हणजे आपलं गेलेलं माणूस भेटून गेलं. शोकाच्या कार्डांवर त्याचं चित्र असतं. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला दहाव्याचा घाट आठवला. पिंड मांडून मागे सरकलेली माणसं, आणि कावळा शिवतो की नाही याकडे लागलेले डोळे. कुणी हलक्या आवाजात मृताला वचन देतं, "मुलांकडे बघतो मी, काळजी करू नको." त्या समजुती खऱ्या की नाहीत, यात मला पडायचं नाही. दोन्हीकडे माणसाने अन्न मांडलं आहे आणि तो मागे सरकून उभा आहे, एवढंच मी पाहते. मागे सरकल्याशिवाय पाखरू उतरत नाही.

तुम्हीही मनात दोन पावलं मागे या. फीडर टांगला, दाणा भरला, आणि कुणी आलं नाही असं समजा. एक दिवस, एक आठवडा, आणखी एक. मनात काय होतं ते पाहा. दाणा बदलावा, जागा बदलावी, दुसरा फीडर आणावा, अशी हाताला खाज सुटते. ती येऊ द्या, जाऊ द्या. फीडर सारखा हलवला तर पक्ष्याला तो नव्याने पारखून घ्यावा लागतो. जागा विचार करून ठरवली असेल तर तिला तिथेच राहू द्या.

आणि वेळ बदला, म्हणजे तुमची. कार्डिनल फीडरवर सर्वांत आधी येणाऱ्यांपैकी आणि सर्वांत शेवटी जाणाऱ्यांपैकी आहे. सूर्य उगवण्याआधीच्या अंधूक उजेडात तो येतो, आणि संध्याकाळी बाकीचे पांगल्यावर पुन्हा. त्या उजेडात लाल रंग दिसतही नाही, नुसती तुऱ्याची आकृती दिसते. दिसण्याआधी ऐकू येतो तो झुडपातून येणारा तुटक, धातूवर नख मारल्यासारखा चिक् आवाज. तो आला की हलू नका. गाणं ऐकू आलं तर ते नराचंच असेल असं समजू नका. मादीही गाते, घरट्यात बसूनही गाते. वसंत जवळ आला की कधीतरी हे पाहायला मिळेल: नर दाणा सोलतो, स्वतः खात नाही, दोन उड्या मारून मादीकडे जातो, मान तिरकी करतो आणि गर तिच्या चोचीत देतो. रुंद पट्टीवर दोघांना जागा असली तर हे तुमच्या समोर घडतं.

धुण्याचं थोडक्यात. दर दोन आठवड्यांनी फीडर रिकामा करायचा, घासायचा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवायचा, भरपूर पाण्याने खळबळायचा आणि पूर्ण वाळल्यावरच भरायचा. खाली साचलेली फोलपटंही झाडून काढायची. सूर्यफुलाच्या फोलपटांखाली गवत मरतं. आजारी पक्षी दिसला, डोळे सुजलेला, अंग फुगवून बसलेला, तर फीडर काही आठवडे उतरवूनच ठेवा. घाणेरड्या फीडरपेक्षा फीडर नसलेला बरा.

एक काळजी आपल्या लोकांना हमखास असते. डिसेंबरात पाच-सहा आठवडे भारतात जायचं, मग मागे त्यांचं काय? विस्कॉन्सिनमध्ये चिकडींवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की भर हिवाळ्यातही त्यांच्या खाण्यातला साधारण पाचवा हिस्साच फीडरवरून येत होता, आणि फीडर काढून घेतल्यावरही त्या इतरांइतक्याच तगल्या. कार्डिनलही इथल्या हिवाळ्यात फीडर नव्हते तेव्हापासून आहे. खुशाल जा. निघण्याआधी फीडर धुऊन आत ठेवा आणि उरलेली करडई घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

परत आल्यावर फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. १९९८ पासून चालत आलेली चार दिवसांची ही मोजणी आता जगभर होते, महाराष्ट्रातही. साताऱ्याला कुणी बुलबुल मोजत असतं तेव्हा तुम्ही इथे कार्डिनल मोजू शकता. एका ठिकाणी निदान पंधरा मिनिटं बसायचं, दिसेल ते टिपायचं. फीडरवर मोजताना ठेवायची एक चांगली रीत आहे: एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तेवढेच धरायचे. नर पाच वेळा येऊन गेला तरी एक. नर आणि मादी एकदम दिसली तर दोन. या मोजणीला फीडर असायलाच हवा असं नाही. कार्डिनल कोणत्या झुडपातून निघतो, कुंपणावर कुठे थांबतो, जमिनीवर कुठे उतरतो, तेवढं कागदावर टिपून ठेवा. तेव्हा जमीन गोठलेली असेल. मार्चमध्ये ती सैल झाली की खांब कुठे रोवायचा ते त्या कागदावरून ठरवता येईल.